ग्रीसची सायक्लेड्स बेटं, निवांत सहल: अकरा रात्रींत किती बेटं बसवायची?

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी. यंदा अधिक मासामुळे गणपती उशिरा आहेत. विसर्जन झालं की निघायचं आणि घट बसायच्या आत परत यायचं, असं घरात ठरलंय. ग्रीसची बेटं. आम्ही पाच जण: मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. आईचे गुडघे कुरकुरतात. सपाटीवर हवं तेवढं चालते, जिने दिसले की तोंड वाकडं करते. बाबांना इतिहास आणि वेळच्या वेळी चहा, लेकीला पाणी. नवऱ्याला काहीही करायचं नाहीये, आणि ते तो फार मनापासून करतो.

हातात अकरा रात्री आहेत. माझा आराखडा असा: अथेन्स १, मिकोनोस २, पारोस २, नाक्सोस २, मिलोस २, सँटोरिनी २. शेवटच्या दिवशी सकाळच्या विमानाने सँटोरिनीहून अथेन्स, तिथूनच दुपारचं परतीचं विमान. एजंटने पाठवलेलं कोटेशनही साधारण असंच आहे. सहल निवांत व्हायला हवी, एवढीच अट. काय बदलू? बोटींची तिकिटं इथून काढायची की तिथे? आम्ही शाकाहारी आहोत, बाबा अंडं खातात.

बंडोपंत

अकरा रात्री, सहा मुक्काम आणि निवांतपणा. तिन्हींपैकी कुठलेही दोन निवडा.

समुद्रपक्षी

बंडोपंतांनी एका ओळीत काम आटोपलं. मी जरा पाल्हाळ लावतो. (म्युनिकला असतो. उन्हाळ्यात इथले निम्मे लोक त्या बेटांवर पडीक असतात, त्यांतलाच एक.)

मृण्मयी, बोटीचा दिवस कसा जातो ते आधी ऐका. पारोस ते नाक्सोस पाण्यावर तासाभराचंही अंतर नाही. पण हॉटेलवाला सकाळी अकराला खोली रिकामी करायला लावतो आणि पुढच्या बेटावरची खोली मिळते दुपारी दोन-तीनला. मधला सगळा वेळ बॅगा सांभाळत धक्क्यावर. बोट यायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचायचं आणि ती थोडी उशिराच येणार हे गृहीत धरायचं.

बोट धक्क्याला पाठमोरी लागते. मागचा अवाढव्य दरवाजा ती टेकायच्या आधीच खाली यायला लागतो, आणि खालचा खलाशी शिट्ट्या मारत हातवारे करत असतो. एका बाजूने उतरणारी माणसं, ट्रक, मोटरसायकली. दुसऱ्या बाजूने तुम्ही चढता. आत शिरलात की तो गाड्यांचा तळ. भिंतीशी लोखंडी मांडण्या असतात, त्यांवर एकेका बेटाचं नाव. आपल्या बेटाच्या मांडणीत बॅगा ढकलायच्या आणि वर जायचं. मोठ्या बोटींवर सरकते जिने असतात. लहान, जुन्या बोटींवर अरुंद लोखंडी जिना. उतरायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पुन्हा खाली, डिझेलच्या वासात आपापली बॅग धरून उभं राहायचं, कारण मधल्या बेटांवर बोट काही मिनिटंच थांबते. दार पडलं की चला.

लेकीला हे सगळं जाम आवडेल. आईंना एकदा आवडेल. तुमच्या आराखड्यात ते पाच वेळा आहे, शिवाय शेवटी विमान. त्यात मिलोस हे पश्चिमेच्या रांगेतलं बेट. नाक्सोसहून तिकडे जाणाऱ्या बोटी कमी, आणि सप्टेंबर सरला की आणखी कमी.

मी काय करेन? एकच बेट तळ म्हणून धरेन, बाकीची दिवसाच्या फेरीत बघेन आणि रात्री झोपायला त्याच खोलीत परत. तळ नाक्सोस. बेट मोठं आहे, सायक्लेड्समधलं सगळ्यात मोठं, चारशेहून अधिक चौरस किलोमीटर. शेती आहे, गाई आहेत, डोंगरात गावं आहेत. पर्यटक नसले तरी गावगाडा चालतो. बंदरापासून सेंट जॉर्ज किनारा चालत गाठता येतो, पाणी लांबवर उथळ. आणखी खाली आयिओस प्रोकोपिओस, आयिआ आना, प्लाका असे वाळूचे किनारे ओळीने आहेत आणि बंदरावरूनच तिथे बस जाते. पारोस, प्राचीन अवशेषांचं डेलोस, छोटी बेटं, सँटोरिनी, सगळीकडे जायला बोट इथूनच.

मृण्मयी_ठाणे

हे वाचून नवरा टाळ्या वाजवतोय. पण त्याच्याच तोंडून पुढचं वाक्य: "सँटोरिनी नाही पाहिलं तर ग्रीसला जाऊन आलो हे सोसायटीत कोण मानणार?" तेव्हा सँटोरिनीवर जरा बोला.

दर्यावर्दी

निवृत्त आहे, आयुष्य मर्चंट नेव्हीत गेलं. अथेन्सच्या पिरेअस बंदराला बऱ्याचदा बोट लावली आहे. सँटोरिनीचं बाकीचे बोलतील, मी वाऱ्याचं बोलतो, कारण बेटांच्या सहलीचं वेळापत्रक शेवटी वाराच ठरवतो.

एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, मेल्तेमी. बाल्कन भागावर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानवर कमी, त्यामुळे तो वाहतो. तुर्कस्तानवरचा हा कमी दाब म्हणजे आपल्या मान्सूनला खेचून आणणारा जो मोठा पट्टा आहे, त्याचंच पश्चिमेकडचं टोक. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये इकडे पाऊस झोडपतो तेव्हा तिकडे निरभ्र आकाशाखाली वारा झोडपत असतो. ऊन लख्ख, समुद्र निळाशार, आणि बोटी बंद. पाहुण्यांना कळतच नाही की झालं काय.

वारा साधारण आठ बोफर्टच्या (वाऱ्याच्या जोराचं माप) घरात गेला की बंदर अधिकारी बोटींना निघायला मनाई करतात. लहान आणि वेगवान बोटी त्याआधीच थांबतात, मोठ्या थोडं जास्त सोसतात. मृण्मयी यांची तारीख चांगली आहे. सप्टेंबरच्या मध्यानंतर मेल्तेमीचा जोर ओसरतो आणि पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं. पण ओसरतो म्हणजे संपतो असं नाही, आणि ऑक्टोबर लागला की दक्षिणेकडूनही एखादं वादळ येतं.

म्हणून एकच नियम सांगतो आणि त्यात सूट नाही: परतीच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्ये. सँटोरिनीचं सकाळचं विमान आणि अथेन्सचं दुपारचं विमान एकाच दिवशी जोडायचं नाही. त्यातही दोन तिकिटं वेगवेगळी असतील तर पहिल्याला उशीर झाला म्हणून दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही.

समुद्रपक्षी

+१. मी तर दोन रात्री म्हणेन. अथेन्स आधी बघायच्या भानगडीत पडू नका. विमानातून उतरलेले आई-बाबा ॲक्रोपोलिसच्या टेकडीवर चढवण्यापेक्षा ते शेवटी ठेवा.

केतकी_लंडन

सँटोरिनीला शिव्या देण्याची फॅशन आहे, म्हणून मी तिच्या बाजूने. सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते. बोट जेव्हा त्या बुडालेल्या ज्वालामुखीच्या तोंडात शिरते आणि दोन्हीकडे काळे-तांबडे कडे उभे राहतात, वर कडेला पांढरी गावं, तेव्हा माझे सासरे, जे ताजमहालाला "बरा आहे" म्हणाले होते, ते डेकवर उठून उभे राहिले. त्यामुळे जायचं तर बोटीनेच जा, विमानाने या. उलट करू नका.

आता तक्रारी. गर्दी क्रूझ जहाजांची. एकेक जहाज हजारो माणसं आणतं, म्हणून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली आहे, आणि २०२५च्या जुलैपासून ऐन हंगामात सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशाला २० युरो कर आहे. तरी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात फिरा आणि ओईया या गावांत पाऊल ठेवायला जागा नसते. त्या वेळात तिथे जायचंच नाही. आम्ही सकाळी आठला ओईयात होतो. झाडूवाले, मांजरं आणि आम्ही.

सूर्यास्तासाठी ओईयाच्या किल्ल्यावर दोन तास आधीपासून जागा धरून बसणं हा प्रकार तर अजिबात करू नका. सूर्य बेटावर सगळीकडेच मावळतो.

गुडघ्यांसाठी: कड्यावरचं हॉटेल घेऊ नका. फोटोत जे गच्चीवरचं तळं दिसतं तिथे पोचायला साठ-सत्तर उंच-सखल पायऱ्या असतात, आणि हॉटेलवाले "थोड्या पायऱ्या" म्हणतात. कमारी किंवा पेरिसा इथे राहा. काळी वाळू, सपाट रस्ता, दारात बस. जुन्या बंदरातून फिराला येणाऱ्या पाचशे-साडेपाचशेहून जास्त पायऱ्यांचा आणि गाढवांचा तुमच्याशी संबंध येणार नाही, फेरी बोटी अथिनिओस बंदराला लागतात आणि तिथून वर गाडीरस्ता आहे. मात्र हॉटेलची गाडी आधी सांगून ठेवा.

आणि मृण्मयीच्या बाबांसाठी अक्रोतिरी. कांस्ययुगातलं अख्खं शहर, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं. मारिनातोस यांनी १९६७ला खोदायला सुरुवात केली. दुमजली घरं, जिने, सांडपाण्याची गटारं, रांजण जागच्या जागी. माणसांचे सांगाडे मात्र सापडले नाहीत, म्हणजे लोक आधीच निघून गेले असावेत. वर संपूर्ण छप्पर आहे आणि चालायला बांधीव वाट, त्यामुळे ऊन नाही, धडपड नाही. नंतर फिरातलं प्रागैतिहासिक संग्रहालय बघा, तिथे अक्रोतिरीतल्या भिंतीवरची निळी माकडं आहेत. शेपटी वळवायच्या तऱ्हेवरून ती आपल्याकडची वानरं आहेत असं काही संशोधकांनी मांडलंय. साडेतीन हजार वर्षांपूर्वी एजियन समुद्रातल्या चितारीला आपलं वानर कुठे दिसलं असेल, यावर माझे सासरे अजून बोलतात.

टवाळखोर

सासरे ताजमहालाला "बरा आहे" म्हणाले म्हणजे पुण्याचे का?

केतकी_लंडन

सदाशिव पेठ. पुढे विचारू नये.

घाटवाट

सगळे एकाच तळाच्या बाजूने बोलताहेत, म्हणून थोडा विरोधी सूर. लहान बेटाची मजा शेवटची बोट गेल्यावर सुरू होते. दिवसाच्या फेरीत जाणारा माणूस बेट बघतच नाही, तो फक्त गर्दी घेऊन जातो आणि गर्दीबरोबर परत येतो.

नाक्सोस आणि अमोर्गोसच्या मधे छोटी सायक्लेड्स आहेत: इराक्लिया, स्खिनूसा, कुफोनिसिया, दोनूसा. या बेटांना जोडणारी एक लहानशी जुनी बोट आहे, स्कोपेलितिस. किराणा, पोस्ट, कोंबड्या, शाळेचे मास्तर, सगळे तिच्यावर. मोठ्या बोटीचा ऐषआराम नाही, वारा असेल तर ती चांगलीच डोलते, आणि तरीही माझ्या मते अख्ख्या एजियनमधला तो सगळ्यात सुंदर प्रवास आहे.

कुफोनिसिया ही जोडी, त्यातल्या वरच्या कुफोनिसीवर गाडी लागतच नाही. बेट सगळं मिळून सहा चौरस किलोमीटरच्या आत-बाहेर. गावातून निघालं की किनाऱ्याकिनाऱ्याने पायवाट: फिनिकास, फानोस, इतालिदा, शेवटी पोरी. वाट जवळजवळ सपाट. एका बाजूला पिवळट खडक, त्याला वाऱ्याने आणि पाण्याने पाडलेली भोकं, खाली पाणी इतकं नितळ की नांगराची दोरी तळापर्यंत मोजता येते. लेक वेडी होईल. दोन रात्री द्या आणि सँटोरिनी सोडा. पुढच्या वर्षी सोसायटीला उत्तर द्या.

समुद्रपक्षी

घाटवाट, तुम्ही-आम्ही दोघं असतो तर मीही हेच म्हटलं असतं. पण आई-बाबांना घेऊन, सप्टेंबरअखेर, डोलणाऱ्या लहान बोटीने? मोठी बोटही आठवड्यातून काही दिवस कुफोनिसियाला जाते, ती जुळली तर बघा. नाहीतर दिवसाची फेरी बरी.

घाटवाट

दर्यावर्दी म्हणाले ना, वारा ओसरलेला असतो. आणि तिथले ऐंशीचे म्हातारे त्याच बोटीने डॉक्टरकडे जातात. असो. मत दिलं.

निलाक्षी

खाण्याचं मी सांगते, हा माझा आवडता विषय. शाकाहारी माणसाने युरोपात जिथे डोळे मिटून जावं अशा जागा थोड्या आहेत, त्यांत ग्रीस वरचं. कारण धार्मिक आहे. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास वर्षातले शंभराहून जास्त दिवस असतात आणि त्यात मांस, अंडी, दूध काही चालत नाही. त्यामुळे घरोघरी तेलातल्या भाज्यांचा मोठा साठा तयार झाला. खानावळीत या पदार्थांना लादेरा म्हणतात: टोमॅटोत शिजवलेली फरसबी, वांगी, भेंडीसुद्धा. "निस्तीसिमो आहे का?" असं विचारलं की वेटरला लगेच कळतं. मात्र त्यांच्या उपासाला कालवं, कोळंबी, माकूळ चालतात, तेव्हा "मासळी काहीच नको" हे वेगळं सांगायचं.

काय मागवायचं: सँटोरिनीची फावा. पिवळ्या डाळीचं घट्ट गोळीबंद वरण, वर कच्चा कांदा, केपर आणि ऑलिव्ह तेल. आईंना दोन चमचे खाऊन घर आठवेल. गिगांतेस म्हणजे मोठ्या पांढऱ्या वालासारख्या शेंगदाण्यांचं, चुकले, बियांचं टोमॅटोतलं कालवण. गेमिस्ता म्हणजे भाताने भरलेले टोमॅटो-ढोबळी मिरच्या (मांस नाही ना, विचारा). सँटोरिनीचे टोमॅटोचे वडे. पालक भरलेली पाई, कुठल्याही बेकरीत सकाळी गरम. नाक्सोसला बटाटा फार चांगला पिकतो, तळलेले बटाटे खरेखुरे बटाटे कापून करतात, गोठवलेले नाहीत. लेकीचा प्रश्न तिथेच मिटला.

नाक्सोसचं ग्राविएरा चीज गाईच्या दुधाचं, अप्रतिम. पण चीजमध्ये बहुतेक वेळा प्राणिजन्य रेनेट (दूध गोठवायचं द्रव्य) असतं. तुम्ही तेवढं कडक पाळत असाल तर आधी विचारा.

हाल्की गावात वालिंद्रासची जुनी भट्टी आहे, १८९६पासूनची. महाळुंगाच्या पानांपासून कित्रो नावाचं मद्य गाळतात. तांब्याची भांडी बघायला मिळतात आणि चवीला छोटे पेले. बाबा घेत असतील तर.

मृण्मयी_ठाणे

बाबा "चवीपुरतं" घेतात. चव वाढत चाललीय असं आईचं म्हणणं. निलाक्षी, फारच उपयोगी! घरून काय न्यावं? आईने मेतकूट, थालीपिठाची भाजणी, तूप आणि पेढे अशी यादी केली आहे.

निलाक्षी

मेतकूट, भाजणी, चिवडा, चटण्या न्या. तूप, पेढे, खव्याचं काही आणि दूध पावडर नको. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. चहाची पत्ती आणि आल्याची सुंठ जरूर न्या. दूध तिथे मिळतं, नाक्सोसला तर ताजं. आपल्यासारखा चहा कोणी करून देणार नाही, तेव्हा छोटं स्वयंपाकघर असलेली खोली बघा. नाक्सोसला अशा खोल्या भरपूर आहेत आणि हॉटेलपेक्षा स्वस्त.

टवाळखोर

एक नाजूक विषय, कोणीच बोलत नाहीये म्हणून. बेटांवर ड्रेनेजचे पाइप बारीक आहेत. संडासात कागद टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा. सगळीकडे पाट्या असतात. पाण्याचा फवारा नसतो. एक रिकामी बाटली किंवा प्लास्टिकचा मग बॅगेत टाका आणि सुखी व्हा.

बंडोपंत

धाग्यावरचा सगळ्यात उपयुक्त प्रतिसाद. वाखु (वाचनखूण) साठवली.

शिक्कामोर्तब

व्हिसाचं कोणी लिहिलं नाही. सगळ्या रात्री ग्रीसमध्ये, म्हणजे अर्ज ग्रीसच्या शेंगेन व्हिसाचा. मुंबईतल्या व्हिसा केंद्रात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. मे-जूनमध्ये अपॉइंटमेंटची मारामार असते, तुम्ही जुलैच्या सुरुवातीला उरकून टाका. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वयाच्या आतल्या मुलांना ४५. केंद्राचे आकार वेगळे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. रात्रवार मुक्कामाचा तक्ता करा, आणि हॉटेलं फुकट रद्द होणारी घ्या.

युरोपच्या सीमेवर आता बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी पद्धत २०२५च्या ऑक्टोबरपासून सुरू झाली आहे, बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. अथेन्सला उतरल्यावर त्यात वेळ जाऊ शकतो. त्याच संध्याकाळची बोट धरू नका.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या.

मृण्मयी_ठाणे

गाडी लागेल का? नवरा उजव्या बाजूने चालवायला कचरतो.

घाटवाट

नाक्सोसला निदान एक-दोन दिवस घ्या. बसने मोठी गावं होतात, पण खरी मजा आडवाटेला. सांग्रीजवळ दिमितर या शेतीच्या देवीचं संगमरवरी देऊळ शेतात एकटं उभं आहे. अपिरांथोस गावाच्या गल्ल्या संगमरवराने फरसबंद आहेत. उत्तरेच्या टोकाला अपोलोनास: तिथल्या खाणीत दहा मीटरहून लांब पुतळा कातळातच अर्धवट कोरून सोडलाय, अडीच हजार वर्षांहून जास्त काळ तो तिथेच पडून आहे. दाढीचा आकार कळतो, हात कळतात, पाय अजून दगडातच. कुंपण नाही, तिकीट नाही. बाबांना अक्रोतिरीपेक्षा हा जास्त आवडला तर नवल नाही.

रस्ते वळणाचे, पण रहदारी कमी. तरी नको असेल तर दिवसभरासाठी मोठी टॅक्सी ठरते, पाच जणांत परवडते. चार चाकांच्या त्या उघड्या गाड्या असतात ना, क्वाड, त्यांच्या नादी लागू नका, विशेषतः लेकीला घेऊन.

समुद्रपक्षी

आणि बंदरातला पोर्तारा. नाक्सोसच्या हुकूमशहाने, लिग्दामिसने, ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं, राज्य गेलं, देऊळ अर्धवट राहिलं. उरली फक्त दाराची चौकट, सहा मीटर उंच. धक्क्यावरून दगडी बांधाने चालत दहा मिनिटं. संध्याकाळी सगळं गाव तिथे असतं. केतकी म्हणाली तेच, सूर्य इथेही मावळतो.

डेलोसही नाक्सोसहून दिवसाच्या सहलीत होतं, बहुतेक सहली डेलोस-मिकोनोस जोडून नेतात. म्हणजे मिकोनोसचे तीन तासही पदरात पडतात आणि ते पुरतात. डेलोसवर सावली औषधालाही नाही, टोप्या आणि पाणी न्या. प्राचीन काळी त्या बेटावर जन्माला आणि मरणाला बंदी होती. आजही पाहुण्याला रात्री राहता येत नाही. तिथले ते प्रसिद्ध सिंह नाक्सोसवाल्यांनीच दिलेले, नाक्सोसच्या संगमरवराचे.

मृण्मयी_ठाणे

तिकिटांचं राहिलं. आणि पिरेअसला कसं जायचं?

दर्यावर्दी

तुमच्या दिवसांत मोठ्या बोटींवर जागा मिळते, ऑगस्टसारखी झुंबड नसते. १५ ऑगस्टला मेरीमातेचा सण, त्या आठवड्यात निम्मा ग्रीस बोटीवर असतो, ते दिवस सगळ्यांनी टाळावेत. तरी पिरेअस-नाक्सोस आणि नाक्सोस-सँटोरिनी ही दोन तिकिटं वेळापत्रक लागलं की काढा. दिवसाच्या फेऱ्यांची मात्र आधी काढू नका, आदल्या संध्याकाळी वारा बघून ठरवा. एकाच जागी राहण्याचा हा मोठा फायदा.

साधी मोठी बोट घ्या, वेगवान नको. पिरेअसहून नाक्सोसला मोठी बोट पाच-साडेपाच तास घेते, वेगवान साडेतीनच्या आसपास, पण तिकीट दीडपट ते दुप्पट, आत विमानासारखं बंदिस्त, डेकवर फिरायला जागा जवळजवळ नाही, आणि लाट असली की पोट ढवळतं. मोठ्या बोटीवर उघडा डेक, कॅफे, आईंना पाय पसरायला जागा. वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत किंवा पुढच्या बोटीची जागा, हा युरोपीय नियमानुसार तुमचा हक्क आहे. हॉटेलचा खर्च मात्र हवामानाच्या कारणाने रद्द झाली तर मिळत नाही.

विमानतळावरून पिरेअसला मेट्रो थेट जाते, तासभर लागतो. एक्स९६ नंबरची बस रात्रभर असते. पाच जण आणि बॅगा, मी मोठी टॅक्सी म्हणेन. पिरेअस बंदर अवाढव्य आहे, तिकिटावर दरवाज्याचा क्रमांक बघून टॅक्सीवाल्याला तोच सांगा. चुकीच्या दरवाज्यावर उतरलात तर आईंचे गुडघे तिथेच संपतील. बोट सकाळी साडेसातच्या सुमारास असते, म्हणून पहिली रात्र पिरेअसलाच बंदराजवळ काढा.

आनंदयात्री_नाशिक

इतकं सगळं करण्यापेक्षा माल्टा का नाही? इंग्रजी चालतं, गोझोला बोट पंचवीस मिनिटांत, दर थोड्या वेळाने. दोनच बेटं, डोक्याला ताप नाही.

बंडोपंत

किंवा अथेन्सजवळची सारोनिक बेटं. एजिना पिरेअसहून वेगवान बोटीने पाऊण तासात, पिस्ते चांगले मिळतात. हायड्रावर गाड्यांना बंदी, सामान खेचरावर. मेल्तेमीचा त्रासही तिकडे कमी. पण मृण्मयीबाईंच्या यजमानांना सोसायटीत दाखवायला निळा घुमट हवाय, तो तिथे नाही.

मृण्मयी_ठाणे

हाहा, यजमानांनी वाचलं हे. निळ्या घुमटावर तडजोड झाली. नवा तक्ता:

पिरेअस १, नाक्सोस ६, सँटोरिनी २ (कमारी), अथेन्स २. सँटोरिनीला बोटीने, अथेन्सला विमानाने. नाक्सोसच्या सहा रात्रींत एक दिवस डेलोस-मिकोनोस, एक दिवस गाडी किंवा टॅक्सीने डोंगरातली गावं, कुफोनिसिया वारा बघून. उरलेले दिवस कोरे ठेवलेत. एजंटला हे पाठवल्यावर तो म्हणाला, "मॅडम, एवढे दिवस एकाच बेटावर करणार काय?" नवरा म्हणाला, फोन इकडे दे, मी सांगतो.

खोली सेंट जॉर्जला घेऊ की आयिआ आनाला?

केतकी_लंडन

सेंट जॉर्ज. बाबा संध्याकाळी एकटे गावात चक्कर मारून येतील, कोणाला बरोबर जावं लागणार नाही. तळमजला मागा. आणि खोलीभाड्याखेरीज हॉटेलात रोज एक सरकारी कर भरावा लागतो, एप्रिल ते ऑक्टोबर तीन तारांकितला खोलीमागे ५ युरो, चार तारांकितला १०. दोन खोल्या, अकरा रात्री, हिशेबात धरा.

घाटवाट

कुफोनिसियाला किमान एक रात्र. बाबा आणि लेक दोघंच गेले तरी चालेल. शेवटचं सांगतो, पुन्हा नाही बोलणार.

समुद्रपक्षी

बोलणार.

मृण्मयी_ठाणे

बाबांनी हे वाचून लेकीला विचारलंय, आणि दोघं आता माझ्याकडे बघताहेत. आईचं म्हणणं, जाऊ दे त्यांना, मला तेवढीच शांतता.

आनंदयात्री_नाशिक

यातच कॉर्फू जोडता येईल का? आम्हीही त्याच सुमारास जातोय.

समुद्रपक्षी

नाही हो. कॉर्फू आयोनियन समुद्रात, ग्रीसच्या पार दुसऱ्या अंगाला. बोट इगुमेनित्साहून लागते, पिरेअसहून नाही, आणि तिकडे पाऊसही लवकर येतो. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.